आत्याला प्रॅक्टिकलला नेलं

चहा आधी अर्धा संपवा, मगच ऐका. मागच्या खेपेला हे सांगताना माझ्या मावसभावाला असा ठसका लागला की त्याचाही आळ माझ्यावरच आला. तसे माझ्यावर आळ बरेच आहेत. त्यातला सगळ्यात मोठा कसा आला, ते सांगते. आणि दोष तरी कुणाला देऊ हो? सगळा घोळ मी स्वतःच्या शहाण्या हातांनी घातलेला!

पोरीचं लग्न झालं, पोरगा नोकरीला पुण्याला गेला, आणि मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. बारावी झाल्या झाल्या माझं लग्न झालं होतं, तेव्हापासूनचं हे मनात होतं. फॉर्मच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "काकी, मराठी घ्या, सोपं जातंय." आता सोपं जातंय म्हटल्यावर मी कशाला घेते? मी घेतलं मानसशास्त्र.

आमचं घर कसबा बावड्यात. दारात तीन म्हशी, मागं थोडा ऊस. घरात माणसं तीनच. मी, आमचे मालक, म्हणजे नवरा, आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. वय एकाहत्तर. काठी नाही, चष्मा नाही, आणि भीडभाड तर कुणाचीच नाही.

मालकांनी प्रवेशाच्या दिवशीच अट घातली. "हे बघ मंगल, एक वरीस बघू. पास झालीस तर शीक पुढं. नापास झालीस तर दप्तर माळ्यावर आणि तू गोठ्यात." तुम्हाला वाटेल चेष्टा असेल. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी माळ्यावर जागा रिकामी करून ठेवलेली! तेव्हापासून वर्षभर माळ्याखालून जाताना मी वर बघायचंच सोडलं.

पण भीती माळ्यावर. डोक्यात मात्र काय हवा शिरली म्हणता! पुस्तकाचा पहिला धडा संपायच्या आत मला माणसं आरपार दिसायला लागली. मालक जेवताना भाकरीचे तुकडे आधीच करून ठेवतात? असुरक्षिततेची भावना! डेअरीवरचा माणूस वर बघत नाही? न्यूनगंड! एकदा आत्या त्यांच्या जावेबरोबरचं तीस वर्षांपूर्वीचं भांडण सांगत होत्या. मी पदर सावरून म्हटलं, "आत्या, हा तुमचा दमन केलेला राग हाय."

"दमन कशाला करू?" आत्या म्हणाल्या. "परवाच तिच्या दारात जाऊन बोलून आलो की!"

आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात. पुण्याच्या पावण्यांनी दचकू नये.

तर अशी मी सगळ्या गल्लीचं मन वाचत असताना आली वार्षिक प्रॅक्टिकल. त्यातली मेख अशी, की प्रत्येकानं आपापलं एक माणूस घेऊन यायचं. त्याच्यावर प्रयोग करायचा. त्या माणसाला म्हणतात 'प्रयुक्त'. वर्गातलं कुणी चालत नाही, मानसशास्त्र शिकलेलं चालत नाही. माणूस नाही तर प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही तर मी नापास. मी नापास तर... माळ्याचं सांगितलंच तुम्हाला.

प्रयोग तसा निरुपद्रवी होता. टेबलावर कागद, कागदावर चांदणी. हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, आणि समोर आरसा. आरशात बघत चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळं हात भलतीकडंच पळतो. चुका किती झाल्या आणि वेळ किती लागला, एवढंच मोजायचं. झालं. यात भिण्यासारखं काय आहे सांगा?

वर्गातल्या पोरांनी एकमेकांचे आतेभाऊ-मामेभाऊ पकडून आणले. मी गेले शेजारच्या सुमनमावशीकडं. स्वभावानं भली बाई. साखर मागा, देईल. रक्त मागा, तेही देईल.

"मावशी, माझ्याबरोबर तासभर कॉलेजला येशीला का? मानसशास्त्राची परीक्षा हाय."

"मी काय करायचं तिथं?"

आता इथं मी म्हणायला पाहिजे होतं, की चांदणी गिरवायची. एवढं साधं! पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला साधं बोलता येतं होय? मी म्हणाले, "तुमचं मन कसं चालतंय, ते बघायचं असतंय."

मावशींच्या हातातली लसूण तशीच राहिली. "माझ्या मनाला काय झालंय?"

"झालं न्हाई हो काही. शहाण्या माणसाच्या बी आत काय काय असतंय की. वरनं दिसत न्हाई, पण तपासलं की कळतंय."

बास! दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत दिसले की बायका दारं लोटून घ्यायला लागल्या. समोरच्या काकींना अचानक गुडघेदुखी झाली. पलीकडच्या वहिनी माहेरी गेल्या म्हणून त्यांनी स्वतःच आतून ओरडून सांगितलं! बावड्यातला माणूस कुणाशीही कुस्तीला उभा राहील, पण डोकं तपासून घ्यायला? छे!

प्रॅक्टिकल आली दोन दिवसांवर. रात्री मला घास जाईना. आत्या बघत होत्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि चक्क रडले हो. वर्षभर पहाटे उठून धारा काढून, भाकरी थापून, एका हातात पुस्तक धरून अभ्यास केला होता. आणि सगळं अडलं कशावर, तर एका माणसावर.

आत्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? मी येतो की! माझं डोकं शाबूत हाय. बघू द्यात बघायचं त्यास्नी."

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. आणि उठता उठता आणखी एक मूर्खपणा केला. म्हणाले, "आत्या, पण कुणाला बोलू नका हं. लोक उगीच काय तरी म्हणत्यात."

गल्लीत एखादी गोष्ट पसरवायची असेल तर ती लपवावी, हे मला कुठल्या धड्यात शिकवलंच नव्हतं. आत्या खरंच कुणाला बोलल्या नाहीत. सुमनमावशींनी "कुठं जायचंय गं नवी साडी काढून?" म्हणून विचारलं, तर आत्या नुसत्या मान वळवून आत गेल्या. आत्या आणि गप्प? मावशींच्या काळजात चर्र झालं म्हणे. त्या हळूच आमच्या बाहेरच्या सोप्यात आल्या. तिथं टेबलावर माझं जर्नल उघडं पडलेलं. त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. 'प्रयुक्ताचे वय: ७१. शिक्षण: चौथी. मानसिक स्थिती:' आणि पुढं जागा रिकामी. ती आम्ही परीक्षेच्या दिवशी भरायची असते हो!

मावशींनी ती परस्पर भरली आणि फोनवरून मलकापूरला कळवली. मलकापूरला माझी नणंद शोभा दिलेली आहे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी मी आत्यांच्या निऱ्या सारख्या करतेय तोच पहिल्या एसटीनं वन्सं दारात हजर! चप्पल काढायच्या आत सुरुवात.

"वैनी! माझ्या आईला वेड्यात काढायला निघालाईसा व्हय?"

"वन्सं, अहो, माझी परीक्षा हाय..."

"तुमची परीक्षा, मग आईला कशाला नेताईसा? आणि चोरून? गल्लीला ठावं हाय, मला न्हाई!"

बाहेर गल्ली गोळा झालेली. कोण म्हणतंय, म्हातारीला काय झालं? कोण म्हणतंय, काल माझ्याशी बोलली न्हाई, तवाच वळखलं मी. सुमनमावशी अंगारा घेऊन आल्या आणि आत्यांच्या कपाळाला लावायला लागल्या. आत्यांनी त्यांचा हात धरून तो अंगारा त्यांच्याच कपाळाला लावला. मालक गोठ्यातून शेणाच्या हातानं आले, सगळा कालवा बघितला आणि परत गोठ्यात गेले. घड्याळात दहा वाजत आलेले. साडेदहाला माझा नंबर! 

शेवटी आत्याच कडाडल्या. "शोभे, गप बस! पोरगीचं वरीस वाया जाईल. लईच काळजी आसंल तर तू बी चल, बस रिक्षात."

आणि आम्ही तिघी रिक्षातून निघालो. गल्लीतली एक बाई डोळ्याला पदर लावून उभी होती. ते बघून रिक्षावाल्यानं वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

प्रयोगशाळेत पोचलो. परीक्षक सर बाहेरच्या कॉलेजातून आलेले. तिशीतले, चेहरा थकलेला. वन्संना बाहेर व्हरांड्यात बसवलं. मध्ये काचेची खिडकी. बाहेरच्याला आतलं ऐकू येत नाही, दिसतं मात्र सगळं. ही खिडकी तेवढी ध्यानात ठेवा.

मी आत्यांना आरशासमोर बसवलं आणि पाठ केलेल्या सूचना म्हटल्या. आत्यांनी शांतपणे ऐकलं आणि मधला पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला.

"आजी, तो तसाच ठेवायचा," सर म्हणाले. "आरशात बघून काढायचंय."

"हात समोर असताना आरशात कशाला बघू? आंधळी हाय व्हय मी?"

सरांनी पुठ्ठा परत लावला. आत्यांनी पेन्सिल धरली. चांदणीचं एक टोक गाठायला गेल्या आणि पेन्सिल कागद सोडून टेबलावर, टेबलावरून थेट सरांच्या बाहीवर! आमच्या वर्गातली पोरं अशा वेळी लाजेनं लाल झाली होती. आत्या म्हणाल्या, "आरसा वाकडा हाय तुमचा."

मग मी शेवटचा ठरलेला प्रश्न विचारला. "हे करताना तुम्हाला कसं वाटलं?"

"मला काय वाटायचंय?" आत्या सरांकडं वळल्या. "तुमास्नी कसं वाटतंय, ते सांगा. त्वांड किती उतरलंय. सकाळधरनं पोटात काय हाय का न्हाई?"

सर हसले. "चहा झालाय, आजी."

"च्या म्हंजे जेवान न्हवं. बायकू कुठं हाय?"

"माहेरी गेलीय. बाळंतपणाला."

"फोन करताईसा का रोज?"

"करतो की. म्हणजे... कामात असलं की राहतो कधी कधी."

"कधी कधी?" आत्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पयली खेप हाय तिची. भीत आसंल. तुमी बी भीताईसा, म्हणून फोन टाळताईसा. व्हय का न्हाई?"

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाजूला बसलेल्या आमच्या मानसशास्त्राच्या मॅडम आ वासून बघत होत्या. वर्षभर शिकून मला जे जमलं नव्हतं ते आत्यांनी तीन प्रश्नांत केलं होतं, आणि तेही परीक्षकावर! सर म्हणाले, "आजी, तुमचं एकदम उत्तम आहे. तुम्ही बाहेर बसा आता." दहा मिनिटांत आत्या मोकळ्या.

मग उरले मी. तोंडी परीक्षा.

"मानसशास्त्राची व्याख्या सांगा."

महिनाभर मी ती व्याख्या म्हशींना ऐकवत होते. म्हशींना पाठ झाली असेल. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं? रिकाम्या घागरीएवढा अंधार!  "मन... म्हणजे सर... वर्तन..." आणि दातखीळ बसली.

"असू दे. घाबरू नका. तुमचं नाव सांगा बघू."

मी आत्यांचं नाव सांगितलं.

"ते प्रयुक्ताचं झालं. तुमचं?"

मी मालकांचं सांगितलं! दारात पदर सावरत रेंगाळलेल्या आत्या ते ऐकून मगच बाहेर गेल्या.

सर उठले. पंखा वाढवला. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्या तोंडाला लावला. सर म्हणाले, "डोळे मिटा. लांब श्वास घ्या. आता सावकाश सोडा. माझ्याबरोबर दहा आकडे मोजा." मी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, एकेक बोट दुमडत मोठ्यानं आकडे मोजायला लागले. डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या काचेला नाक लावून दोन चेहरे माझ्याकडं बघत होते. एक वन्संचा, एक आत्यांचा.

मग हळूहळू जीभ सुटली. सर एक विचारायचे, मी सांगायचे, ते कागदावर काहीतरी लिहायचे, मध्येच मान हलवायचे. असा अर्धा तास गेला. भला माणूस, मला सोडायला दारापर्यंत आला, आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या घरच्यांना धीर देऊन गेला. "जरा लवकर घाबरतात, बाकी चांगल्या आहेत. घरच्यांनी सांभाळून घ्या. अजून दोन वर्षं आहेत, मध्ये खंड पडू देऊ नका."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! खंड पडू देऊ नका म्हणजे पास केलं की! मी जर्नलवर सह्या घ्यायला थांबले आणि त्या दोघींना रिक्षानं पुढं पाठवलं. ही त्या दिवसातली माझी शेवटची चूक.

संध्याकाळी गल्लीत पाऊल टाकलं तर सगळं चिडीचूप. सकाळी दारं लोटणाऱ्या बायका आता दारात उभ्या, आणि माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होत्या की मी मागं वळून बघितलं, कोण आहे म्हणून. सुमनमावशी धावत आल्या आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "बस बाई, बस. दमली असशील. भाजी मी आणून ठेवलीया."

घरात गेले. मालक स्वतः धारा काढून बसलेले! वन्संनी मला पाट दिला आणि डोळे पुसले. "वैनी, आमाला आधी सांगायचं की हो. उगीच सकाळी तोंड टाकलं मी तुमच्यावर."

"काय सांगायचं?"

उत्तर आत्यांनी दिलं, तेही मला नाही, दारातल्या बायकांना. बहुतेक तिसऱ्यांदा सांगत होत्या. "मला धा मिंटात सोडलं बघा. म्हणालं, आजी, तुमचं उत्तम हाय. हिला मातुर आर्धा तास बसवून घेतलं. नाव इचारलं तर सोताचं नाव सांगता येईना! पाणी पाजलं, डोळं मिटाय लावलं, आकडं मोजून घेतलं. आणि म्हणालं, अजून दोन वर्सं यायला लागंल."

"अहो, ती माझी परीक्षा होती!" मी ओरडले.

"व्हय व्हय," मालक खालच्या आवाजात म्हणाले. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी या आवाजात बोललेला नाही. "परीक्षाच होती. तू शांत बस. मला आधीच शंका आलती. या वयात कॉलेजला जायचं सुचतंय म्हंजे काय तरी हाय."

"मी वेडी न्हाई हो!"

सुमनमावशींनी शेजारणीकडं बघून डोळ्यांनीच 'बघ' म्हटलं. असं कोण म्हणतं, ते सगळ्यांना माहीत असतं. मग मी गप्प बसले, तर त्यांनी गप्प बसण्यावरूनही मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, नीट समजावून सांगायचं. सांगितलं की! जर्नल दाखवलं, चांदणी दाखवली, पुस्तक उघडून धडा वाचून दाखवला. जितकं समजावलं तितक्या वेळा मला लिंबूपाणी मिळालं. शेवटी विचार केला, मंगल, तुला शिकायचं आहे ना? मालक आता रोज मोटरसायकलवरून कॉलेजला सोडतात. एखाद्या दिवशी अंग मोडून आलं आणि मी म्हटलं आज जात नाही, तर घरात सगळ्यांची तोंडं पडतात. "न्हाई न्हाई, खाडा करायचा न्हाई, सरांनी सांगितलंय." मग मी समजावायचं सोडलं आणि दप्तर उचललं. 

आत्या तेवढ्या मधूनच माझ्याकडं बघून हसतात. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की मला दुसऱ्या वर्षाला घालायचा त्यांचाच तो डाव होता? मानसशास्त्राचं अख्खं वर्ष शिकले, पण त्या चेहऱ्यावरचं मला अजून वाचता आलेलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. पास! एकसष्ट टक्के! मी मार्कलिस्ट घेऊन धावतच घरात आले. मालकांनी आधी ती देवापुढं ठेवली, हात जोडले, मग उलटसुलट करून बघितली आणि आत्यांना वाचून दाखवली.

आत्यांनी बोटांवर हिशेब केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई सुधारली गं पोर. आता एकोणचाळीसच ऱ्हायलंय."